न्यूट्रलचा दिवा गाडी गरम झाली की गायब, कधी गिअरमध्येही लागतो. स्विच नवीन टाकलाय

विश्रामबाग_१५० (सांगली)

गाडी १५० सीसी, कार्ब्युरेटरवाली, सेल्फ आणि किक दोन्ही, २०१३ चं मॉडेल, ६१ हजार किलोमीटर. मीटरमध्ये न्यूट्रलला साधा बल्ब आहे, एलईडी नाही. रोजचा रस्ता सांगली–तासगाव, त्यात चार-पाच किलोमीटर उसाच्या रानातला काळ्या मातीचा.

सकाळी थंड असताना दिवा बरोबर लागतो. दहा-बारा किलोमीटर झाले की न्यूट्रल पडलेला असतो, चाक मोकळं फिरतं, पण दिवा नाही. गिअरची दांडी पायानं जरा हलवली की क्षणभर चमकतो. दिवा नसेल तेव्हा सेल्फ नुसत्या बटणावर घेत नाही, क्लच दाबला की घेतो.

महिन्याभरात तीनदा उलटंही झालं. दिवा लागलेला, क्लच सोडला आणि गाडीनं झेप घेतली. पहिला गिअर पडलेला होता.

न्यूट्रल स्विच नवीन, ओरिजिनल टाकला. आठ दिवस चांगला चालला, मग परत तेच. आता गॅरेजवाले सांगतायत की इंजिन खोलून गिअर ड्रम (गिअर बदलताना आत फिरतो तो दंडगोल) बघावा लागेल. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट ठीक. बंद गाडीवर बॅटरी १२.६ व्होल्ट. इंजिन खोलण्याआधी बाहेरून काय तपासता येईल? मल्टिमीटर आहे, वापरता येतो.

---

वायरिंगवाला_मिरज

इंजिन एवढ्यात खोलू नका. तुम्ही लिहिलंय त्यातच निम्मं उत्तर आहे.

आधी सर्किट डोळ्यांसमोर आणा. चावी ऑन केली की फ्यूजमधून १२ व्होल्ट बल्बच्या एका टोकाला कायम येतात. दुसऱ्या टोकापासून एकच वायर निघते ती थेट गिअरबॉक्सवरच्या न्यूट्रल स्विचला. स्विच काही करंट पाठवत नाही, तो फक्त त्या वायरला इंजिनच्या बॉडीवर अर्थ करतो. ड्रम न्यूट्रलच्या खाचेत आला की स्विचचा संपर्क होतो, वायर अर्थ होते, दिवा लागतो. होंडाच्या पठडीतल्या वायरिंगमध्ये ही वायर फिकट हिरवी आणि वर लाल पट्टी अशी असते, बाकी कंपन्यांचे रंग वेगळे.

सेल्फच्या रिलेची कॉइलही याच वायरवरून अर्थ घेते, मध्ये एक डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) असतो. क्लच दाबला की कॉइलला क्लच स्विचकडून दुसरी वाट मिळते. म्हणून दिवा नसताना तुमचा सेल्फ क्लचवर घेतो.

आता बघा. तुमचा दिवा आणि बटणावरचा सेल्फ दोन्ही एकाच वेळी जातात. बल्ब, त्याचा होल्डर किंवा मीटरमागची पट्टी खराब असती तर फक्त दिवा गेला असता, सेल्फ चालला असता. हॉर्न-इंडिकेटर ठीक आहेत म्हणजे फ्यूज आणि चावीकडचा पुरवठाही सुटला. उरतं काय? डायोडच्या सांध्यापासून स्विचपर्यंतची वायर, तिचा कपलर (वायर जोडायचा प्लॅस्टिकचा सांधा), स्विच, ड्रमवरचा संपर्क आणि इंजिनचं अर्थिंग. एवढंच शोधायचं.

दिवा विझलेला असताना मोजा. चालू असताना घेतलेलं रीडिंग काही सांगत नाही. गाडी तापवून आणा, मधल्या स्टँडवर घ्या, न्यूट्रल टाका, मागचं चाक हातानं फिरवून खात्री करा. इंजिन बंद, चावी ऑन. काळा प्रोब बॅटरीच्या मायनसला, मीटर २० व्होल्ट डीसीवर.

लाल प्रोब आधी स्विचच्या टोकावर. इथं १२ व्होल्ट दिसले तर वायर थेट इथपर्यंत साबूत आहे आणि स्विच अर्थ करत नाही. म्हणजे दोष स्विच, ड्रम किंवा अर्थिंगमध्ये. इथं शून्य दिसलं तर घाई करू नका, शून्याचे दोन अर्थ होतात: स्विच बरोबर अर्थ करतोय, किंवा वायर मध्येच तुटलीय आणि वरून काही येतच नाही. मग त्याच वायरवर हेडलाइटच्या डूममधल्या कपलरला मोजा. खाली शून्य आणि वर १२ असेल तर वायर या दोन जागांच्या मध्ये तुटलीय.

नंतर चावी बंद, वायर स्विचपासून काढा आणि स्विचचा रेझिस्टन्स इंजिनच्या उघड्या लोखंडावर मोजा. न्यूट्रलमध्ये प्रोबचा स्वतःचा ०.२–०.३ ओम वजा जाता एक ओमच्या आत हवा. बाकी प्रत्येक गिअरमध्ये मीटर ओपन, म्हणजे जोडच नाही असं, दाखवायला हवा. चाक फिरवत एकेक गिअर टाकून बघा.

आणि एक. या वायरला बॉडीवर टेकवणं सुरक्षित आहे, स्विच तेच तर करतो. पण टेस्ट करायला म्हणून तिला बॅटरीचा प्लस कधी देऊ नका. न्यूट्रल असेल तर ती सरळ शॉर्ट होते, आणि एलईडी मीटरच्या गाड्यांत मीटर जायचा धोका.

---

कराडी_पाना

वरचं सगळं पटलं, तरी माझं मत स्विचमागच्या पिनवर. बऱ्याच मॉडेलांत ड्रमच्या टोकात छोट्या भोकात एक स्प्रिंग आणि तिच्यावर पितळी पिन बसते, तीच पिन स्विचच्या आतल्या टिकलीवर टेकते. लोक स्विच बदलतात आणि पिन-स्प्रिंग जुनीच ठेवतात. पिनचं टोक झिजून चपटं झालेलं किंवा स्प्रिंग बसलेली असेल तर नवा स्विचही चार दिवसच चालणार. दांडी हलवल्यावर चमकतो हे त्याच्याशी जुळतं.

उघडायचं झालं तर इंजिन खोलायची गरज नाही. गिअरची दांडी काढा (आधी शाफ्टवर खूण करा, नाहीतर परत बसवताना दांडी वर-खाली होते), छोट्या स्प्रॉकेटचं कव्हर काढा, मागे दोन स्क्रूंवर प्लॅस्टिकचा स्विच दिसेल. आधी ती जागा ब्रशनं पूर्ण साफ करा. माती आत पडली तर थेट गिअरबॉक्समध्ये. स्विच डाव्या अंगाला असतो, त्यामुळं गाडी साइड स्टँडवर असली तर ऑइल तिकडंच येतं आणि स्विच काढला की बाहेर सांडतं. मधल्या स्टँडवर घ्या आणि किंचित उजवीकडं कलवा.

स्विच ओढताना खाली हात धरा. स्प्रिंग उडून गेली की शोधत बसाल. ओ-रिंग नवीन टाका, तिला थोडं इंजिन ऑइल लावून बसवा. स्क्रू बोटांच्या जोरावर, वर किंचितसा पीळ. प्लॅस्टिक तडकलं की ऑइल झिरपतं आणि पुढचे सहा महिने चेनला ऑइल लागतंय म्हणून सील बदलत बसायचं.

---

वायरिंगवाला_मिरज

पिन झिजू शकते, मान्य. पण झिजलेली पिन फक्त "दिवा लागत नाही" एवढंच करेल. पहिल्या गिअरमध्ये दिवा लागणं झिजलेल्या पिनमुळं होत नाही. त्याला वायर कुठंतरी बॉडीवर टेकायला हवी, किंवा स्विचच्या टिकल्यांमध्ये धातूची पूड साचायला हवी. नव्या स्विचमध्ये आठ दिवसांत पूड साचत नाही.

दोन्ही उलट लक्षणं एका जागेवरून येतात का, हे मी आधी बघेन. एक जागा अशी आहेच: स्प्रॉकेटच्या कव्हरमागं वायर जिथून वळते तिथं. आतले तांब्याचे तंतू तुटले की दिवा जातो, आणि तिथंच वरचं रबर घासून उघडं पडलं की वायर कव्हरला टेकून दिवा लागतो. गिअरच्या दांडीची शाफ्ट तिच्या शेजारीच असते, म्हणून दांडी हलवली की चमकतो.

विश्रामबाग, रीडिंग टाका. तोवर एक लक्षात ठेवा: ती वायर अर्थ होत असेल तर गिअरमध्येही क्लचशिवाय सेल्फ घेईल आणि गाडी पुढं उडी मारेल. प्रत्येक वेळी क्लच दाबून, गाडी मागंपुढं हलवून मगच बटण दाबा.

---

वाई_ते_पाचगणी (सातारा)

मध्येच घुसतोय, पण विषय हाच आहे. माझ्या गाडीत कुठल्याही गिअरमध्ये क्लच दाबला की न्यूट्रलचा दिवा लागतो, सोडला की जातो. स्विचच का?

---

वायरिंगवाला_मिरज

नाही, डायोड. स्विचला हात लावू नका.

रिलेच्या कॉइलकडून न्यूट्रलच्या वायरकडं करंट जाऊ द्यायचा आणि उलटा येऊ द्यायचा नाही, एवढंच त्या डायोडचं काम. तो शॉर्ट झाला की क्लच दाबल्यावर क्लच स्विचचा अर्थ उलट वाटेनं बल्बपर्यंत पोचतो आणि दिवा लागतो. तोच डायोड ओपन झाला तर दिवा बरोबर लागेल, पण न्यूट्रलमध्ये क्लच न दाबता सेल्फ घेणार नाही.

डायोड बहुतेक गाड्यांत फ्यूजबॉक्सच्या आसपास किंवा सीटखाली वायरिंगमध्ये लहानशा कपलरसारखा खोचलेला असतो. काढून मीटरच्या डायोड मोडवर बघा: एका दिशेनं ०.५ ते ०.७, दुसऱ्या दिशेनं ओपन. दोन्ही बाजूंनी बीप म्हणजे गेला. कंपनीचा मिळाला तर तोच टाका. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणायचा तर १एन५४०८ घ्या, तो ३ अँपिअरचा आहे. सगळीकडं गळ्यात मारतात तो १एन४००७ एक अँपिअरचा, आणि रिलेची कॉइल त्याहून जास्त ओढू शकते. डायोडची पट्टी कुठल्या बाजूला होती त्याचा फोटो आधी काढून ठेवा.

---

कास_रोड (सातारा)

एलईडीवाल्यांसाठी एक भर. पावसाळ्यात न्यूट्रलचा दिवा गिअरमध्येही *मंद* लागलेला दिसतो ही तक्रार इकडं महाबळेश्वर–बामणोलीच्या पट्ट्यात दर जुलैला असते. बल्ब बदलून एलईडी टाकलेल्या गाड्यांत जास्त.

साध्या १.७ वॉटच्या बल्बला पेटायला १४० मिलिअँपिअरच्या आसपास लागतात. एलईडी पाच-सहा मिलिअँपिअरवरही दिसण्याइतकी उजळते. कपलरमध्ये चिखलाचं पाणी साचलं आणि त्यानं समजा दोन हजार ओमची वाट तयार केली, तर १२ भागिले २००० म्हणजे ६ मिलिअँपिअर. बल्बला त्याचा पत्ताही लागणार नाही, एलईडी मात्र टिमटिमते. स्विच बदलून उपयोग नाही. कपलर उघडून काँटॅक्ट क्लीनरनं धुवा, पूर्ण वाळवा, थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरून बंद करा. सर्व्हिसिंगला प्रेशरचं पाणी मारतात ते स्प्रॉकेटच्या कव्हरमागं थेट मारू नका म्हणून सांगा.

---

विश्रामबाग_१५० (सांगली)

रीडिंग घेतली. पंधरा किलोमीटर फिरवून आणली, न्यूट्रल, दिवा विझलेला:

स्विचच्या टोकावर ०.०
डूममधल्या कपलरला १२.३
चावी बंद करून, वायर काढून स्विच ते बॉडी ०.४ ओम, नुसते प्रोब जुळवून ०.३
पाचही गिअरमध्ये स्विच ओपन
इंजिन बॉडी ते बॅटरी मायनस, सेल्फ मारताना ०.१२ व्होल्ट

कव्हर काढलं तर आत बोटभर जाडीचा काळ्या मातीचा आणि चेन ऑइलचा थर. वायर त्यात पूर्ण गाडलेली.

---

वायरिंगवाला_मिरज

मग झालं. स्विच आणि ड्रम निर्दोष. ०.१ ओम आणि पाचही गिअरमध्ये ओपन, याहून चांगला स्विच नसतो. अर्थिंगही ठीक, सेल्फ मारताना अर्धा व्होल्टच्या वर गेलं असतं तर अर्थ वायरचं टोक (लग) साफ करायला सांगितलं असतं. वर १२ आणि खाली शून्य, म्हणजे वायर मध्ये तुटलीय.

माती साफ करा, पण डिझेल-रॉकेलनं धुऊ नका. ऑइल आणि रॉकेलनं वायरच्या पीव्हीसीतला मऊपणा निघून जातो, ती वाळक्या काडीसारखी कडक होते आणि वळणावर तडकते. तुमची याच कारणानं गेली असणार. साबणाचं पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश पुरतो.

मग चावी ऑन, न्यूट्रल, आणि वायर दर दोन इंचांवर हळू वाकवत जा. जिथं वाकवल्यावर दिवा लागेल तिथंच ती तुटलीय. बहुधा क्लिपपाशी किंवा कव्हरच्या कडेला सापडेल. नवा स्विच आठ दिवस का चालला तेही यातच आलं: बसवताना वायर ओढली-सरळ केली गेली, तुटलेली टोकं आपोआप जुळली. पुन्हा कंप आणि गरमी बसली की सुटली.

जोडताना:

ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानातून ०.५ चौरस मिलिमीटरची, १०५ डिग्रीची गाडीची वायर अर्धा मीटर. घरच्या फिटिंगमधली वायर नको.

तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना इंच-इंच कापत जा, तांबं चकचकीत लागेपर्यंत. काळं-हिरवं तांबं कथील धरत नाही. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे काळेपण रबराच्या आत बरंच लांबपर्यंत पोचलेलं असतं. तशी गाडी असेल तर डूमपर्यंत पूर्ण वायर बदलणं परवडतं.

सांधा स्प्रॉकेटपाशी घेऊ नका. नवा तुकडा लांब ठेवा, सांधा वर चासीच्या पाइपपाशी. कथील लावल्यावर वायर तिथं कडक होते, म्हणून जोडाला दोन्हीकडं आधार हवा, नाहीतर कंपानं कथिलाच्या कडेला परत तुटेल. वर हीट श्रिंक स्लीव्ह, शक्यतो आतून गोंदवाली. काळी चिकटपट्टी ऑइलनं महिन्यात सुटते.

स्विचपाशी एक इंचाचा झोल ठेवा, ताणून बांधू नका. मूळ रबरी ग्रोमेट परत बसवा. तुटला असेल तर पेट्रोलच्या नळीचा दोन इंचाचा तुकडा उभा चिरून वायरवर चढवा. चेन आणि वायरमध्ये किमान बोटभर अंतर.

---

कराडी_पाना

पिन वाचली म्हणायची. वायरचं मान्य.

आता कव्हर उघडंच आहे तर चेनही बघा. चेन ताठ असली किंवा क्लच पूर्ण सुटत नसला तर न्यूट्रल नीट पडत नाही, पाय आपटत बसावं लागतं आणि मग माणूस दिव्याला शिव्या देतो. १५० च्या वर्गात चेनला मधोमध साधारण २० ते ३० मिलिमीटर खेळ आणि क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते १५ मिलिमीटर मोकळेपणा ठेवतात, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमधून घ्या. आयडल चढा असला तरी थांबलेल्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही.

दिवा लुकलुकतो आणि त्याच वेळी दांडी सैल, अधांतरी वाटते, चाकही मध्येच अडकल्यासारखं होतं, असं असेल तर मात्र ते वायरिंग नाही. ड्रम खाचेत बसत नाही, त्याला खाचेत धरून ठेवणाऱ्या स्टॉपरची स्प्रिंग किंवा ड्रमवरचा खाचांचा स्टार झिजलाय. ते काम बहुतेक गाड्यांत क्लचच्या बाजूचं कव्हर उघडून होतं. पूर्ण इंजिन फाडायला तिथंही लागत नाही.

---

विश्रामबाग_१५० (सांगली)

सापडलं. प्लॅस्टिकच्या क्लिपच्या आतच. बाहेरून अखंड दिसत होती, वाकवल्यावर दिवा लागला. कापली तर सगळे तंतू तुटलेले, रबराची एक बाजू घासून तांबं कव्हरला लागत होतं. चार इंचांनंतर तांबं चकचकीत लागलं.

नवी वायर टाकली, सांधा चासीवर घेतला, नळीचा तुकडा चढवला. ३० किलोमीटर फिरवून, गरम गाडीवर: न्यूट्रलमध्ये स्विचच्या टोकावर ०.०३, गिअरमध्ये १२.२. सेल्फ बटणावर घेतो. चेन ताठ होती, १२ मिलिमीटरच खेळ होता, २५ केला.

एक प्रश्न राहिला. जुना स्विच ठेवलाय, तो चांगलाच असणार. परत टाकता येईल का, की टाकून देऊ?

---

वायरिंगवाला_मिरज

आधी बाकावर तपासा. आतली टिकली पॉलिश पेपरनं न घासता कापडानं पुसा, टिकली ते बाहेरचं टोक एक ओमच्या आत आणि प्लॅस्टिकला तडा नसेल तर ठेवा पिशवीत घालून. ओ-रिंग मात्र जुनी परत वापरू नका, एकदा दबलेली ओ-रिंग दुसऱ्यांदा धरत नाही.